कान्होजींच्या काळातली कादंबरी आणि हत्यारांची नावं : मदत हवीये

खाडीकाठची (धागालेखिका)

नमस्कार मंडळी, एरवी मी इथे वाचनमात्रच असते पण आता अडलेय म्हणून धागा काढतेय. कान्होजी आंग्र्यांच्या काळातली एक कादंबरी लिहायला घेतलीये. काळ साधारण १७१८ ते १७२२, म्हणजे शेवटाकडे इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले ती मोहीम येते. नायक सरदार-बिरदार नाही, चौलचा माडावर चढणारा एक भंडारी पोरगा आहे, नाव भिवा, तो आरमारात जातो आणि गुराबेवर, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजावर, तोफेपाशी लागतो. माणसं, घरं, जेवणखाण, भरती-ओहोटी हे सगळं लिहिताना हात अडत नाही कारण ते आमच्या अंगणातलंच आहे. अडतं ते हत्यारांपाशी.

म्हणजे असं की मी कोश उघडून शब्द गोळा केले, वहीभर झाले, आणि ते सगळे एका प्रकरणात कोंबले तर मैत्रीण म्हणाली हे प्रदर्शनातल्या पाट्या वाचल्यासारखं वाटतंय. मग मी सगळे काढून टाकले आणि नुसतं तलवार, बंदूक, तोफ, बाण ठेवलं तर माझा मामेभाऊ (गडकिल्लेवाला) म्हणतो की हे कुठल्याही शतकातलं असू शकतं, आंग्र्यांचं कशावरून? नमुना म्हणून कच्चा परिच्छेद देते, बिनधास्त फाडा:

"भिवाने बंदुकीचा नेम धरला आणि एकामागून एक गोळ्या झाडल्या. गुराबेच्या तोफांनी अग्निवर्षाव सुरू केला. शत्रूच्या जहाजावर बाणांचा पाऊस पडला. 'आक्रमण!' तांडेल ओरडला."

प्रश्न एवढाच आहे की किती शब्द जुने ठेवायचे, कुठले ठेवायचे, आणि वाचकाला ते तळटीप न देता कसे कळवायचे. तळटीपा मला नकोत, कादंबरीत त्या बघितल्या की मीच पान उलटते.

तटाखालचा

आक्रमण वाचून ठसका लागला. हे टीव्हीवरच्या हिंदी मालिकांमधून आलेलं आहे ताई, चौलच्या तांडेलाच्या तोंडी नको. बाकी अग्निवर्षाव पण वृत्तपत्री आहे.

कोशातला किडा

विषय आवडीचा आहे त्यामुळे लांबण लागेल, आधीच माफी.

पहिलं म्हणजे तुमच्या चार वाक्यांतला सगळ्यात धोकादायक शब्द "बाण" आहे. अठराव्या शतकातल्या मराठी कागदांत बाण म्हणजे बहुतेक वेळा दारूचा बाण, नळीत दारू ठासून बांबूला बांधलेला, पेटवला की सूं करत जाणारा. तो सोडणारा बाणदार. धनुष्यातून सुटतो तो तीर, सोडणारा तिरंदाज. तेव्हा तुमच्या वाक्यात नक्की काय पडतंय शत्रूच्या जहाजावर? कादंबरी १७२१ ची आहे, तेव्हा समुद्रावर तिरंदाजांची रांग उभी करण्यापेक्षा तोडेवाले (धुमसत्या वातीने उडणाऱ्या बंदुकीचे लोक) आणि जंबुरे दाखवा. जंबुरा म्हणजे कडेच्या खुंटावर फिरती बसवलेली लहान तोफ, एका माणसाला वळवता येते, गलबताच्या काठावर शोभून दिसेल आणि खरीही वाटेल.

दुसरं, "सुरुंग" कुठे वापरणार असाल तर जपून. आज पेपरात भूसुरुंग वाचून वाचकाच्या डोळ्यासमोर पाय पडला की फुटणारी वस्तू येते. तेव्हाचा सुरुंग म्हणजे तटाखाली खणत नेलेलं भुयार, त्यात दारू भरून उडवून द्यायचं. १७३९ ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा तटाला असेच सुरुंग लावले होते.

कोश कुठला वापरताय? मोल्सवर्थची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची, म्हणजे तुमच्या काळाच्या शंभरेक वर्षं नंतरची, पण तेव्हा हे शब्द अजून तोंडात होते, बंदुकीची दारू ठेवायच्या शिंगाड्यापासून तलवारीच्या मुठीवरच्या परजापर्यंत सगळं त्यात सापडतं. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश त्याहून बराच अलीकडचा, पण त्यात जुन्या कागदांतली उदाहरणं दिलेली असतात आणि तुम्हाला शब्दापेक्षा उदाहरणाचीच गरज आहे. नुसता शब्द उचलला तर तो वाक्यात परका बसतो, उदाहरणात त्याचं क्रियापद मिळतं. तोफ "चालवत" नाहीत, तोफ डागतात, तोफेला बत्ती देतात. तलवार परजतात, उपसतात. बंदुकीत बार भरतात, बार उडतो किंवा फुसका निघतो. क्रियापद बरोबर असलं की साधी "तलवार" लिहूनही काळ उभा राहतो असा माझा अनुभव आहे, आणि क्रियापद चुकलं की तलवारीला "फिरंग" असं जुनं नाव लिहून पण उपयोग नाही.

गीर्वाण

एक सुचवू का. आपण परकीयांविरुद्धच्या लढ्यावर लिहीत आहात, तर तोफ, बंदूक, जंबुरा असे यावनी शब्द कशाला? शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश याचसाठी करवून घेतला ना? त्यात शस्त्रवर्ग स्वतंत्र आहे. तोफेला शतघ्नी हा सुंदर शब्द उपलब्ध आहे, बंदुकीला भुशुंडी.

पुणेकर चुकून

"भिवा, शतघ्नी आण रे" 😂😂

कोशातला किडा

गीर्वाण, राज्यव्यवहारकोश दरबारी लिखापढीसाठी होता आणि त्याचं मोल आहेच, पण गुराबेवर घाम गाळणारा भंडारी पोरगा त्या कोशातून बोलणार नाही. रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्राची भाषा बघा, छत्रपतींच्या पदरच्या माणसाची आहे, त्यात आरमाराचं आख्खं प्रकरण आहे आणि "आरमार" हाच शब्द मुळात पोर्तुगीजांकडून आलेला. त्यांना तो वापरताना काही अपराधी वाटलं नाही. पिस्तूल, काडतूस पण तिकडचेच. किनाऱ्यावर ज्याच्याशी भांडलो त्याच्याकडून शब्द घेतले, त्यात लाजायचं काय.

(शतघ्नी एखाद्या शास्त्रीबुवांच्या तोंडी मात्र मस्त बसेल, कीर्तनात वगैरे.)

गीर्वाण

कीर्तनकाराची कल्पना चांगली आहे. बाकी मुद्द्यावर असहमत, पण धागा भरकटवत नाही.

मालवणी तिरफळ

"एकामागून एक गोळ्या झाडल्या" ह्या वाक्याक माझो आजो हसलो असतो. त्याच्याकडे ठासणीची बंदूक होती, लायसनची हां, शेतीच्या राखणीची. लहानपणी बघितलंय ती भरताना. अगो बाय, बंदूक भरूक येळ लागता!

आता सरळ मराठीत सांगतो, कारण हे तुम्हाला उपयोगी पडेल. आज्याच्या बंदुकीला केप लागायची, म्हणजे फटकन आवाज करणारी टोपी, ती तुमच्या काळात नव्हती, एकोणिसाव्या शतकातली गोष्ट ती. पण त्याच्या आधीचं सगळं तेच. शिंगाड्यातनं मापून दारू नळीत ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग गोळी किंवा छर्रे, परत बोळा, आणि गजानं ठासायचं. आजा ठासताना तोंडानं मोजायचा. तुमच्या भिवाची बंदूक तोड्याची असणार, म्हणजे ह्याच्यापुढे अजून काम आहे, कानाजवळच्या वाटीत बारीक दारू घालायची, तिला रंजक म्हणतात, मग धुमसता तोडा फुंकून त्याची राख झाडायची, चिमट्यात धरायचा, नेम घ्यायचा आणि मग चाप. एवढं करेपर्यंत समोरचा माणूस चालत येऊन तुम्हाला रामराम घालेल. म्हणून एक बार झाला की बंदूक टाकून तलवार काढायची, किंवा मागचा माणूस भरलेली दुसरी बंदूक हातात देतो.

तोडा म्हणजे काय असं वाचकाला सांगायचं तर आपल्याकडे टपरीवर विडी पेटवायला काथ्याचा सुंभ धुमसत टांगलेला असायचा ना, अगदी तसा. तो विझू द्यायचा नाही, आणि दारूजवळ न्यायचा नाही. ह्या दोन गोष्टी एकाच माणसानं एकाच वेळी सांभाळायच्या, तेही हलत्या बोटीवर आणि खाऱ्या वाऱ्यात. ह्यातच तुमचं एक प्रकरण आहे बघा.

खाडीकाठची

तिरफळदादा हे सोन्यासारखं आहे! सुंभाचं मला सुचलंच नव्हतं आणि भिवाच्या घरी काथ्या वळतातच.

एक उपप्रश्न: आजोबांच्या तोंडून "चाप" आणि "घोडा" दोन्ही ऐकलंय का? मला गोंधळ होतो.

मालवणी तिरफळ

चाप बोटानं ओढायचा. घोडा वर असतो, तो आपटतो. लोक दोन्हीला घोडा म्हणतात पण आजा नाही म्हणायचा. तुमच्या तोड्याच्या बंदुकीत आपटणारं काही नाही, तोडा हळू खाली येऊन रंजकीला टेकतो, तेव्हा "घोडा दाबला" टाळाच.

आणि एक. आमच्याकडले हेटकरी विसरू नका. तळकोकणातले शिपाई, नेमबाजीसाठी ओळखले जायचे. भिवाच्या गुराबेवर एक हेटकरी टाका, तो बंदुकीबद्दल बोलेल आणि भिवा तोफेबद्दल, दोघांची जुंपू दे. भांडणात शब्द आपोआप येतात, समजावून सांगायला लागत नाहीत.

लिहिते हात

+१ तिरफळ यांच्या शेवटच्या ओळीला, मी हेच लिहायला आले होते.

संपादनाचं थोडंफार काम करते त्या अनुभवावरून सांगते. अनोळखी शब्द वाचकाला त्रास देत नाही, काय चाललंय ते दिसत नसेल तर त्रास होतो. "त्याने जंबुरा चालवला" यात काहीच दिसत नाही. "त्याने जंबुऱ्याचं तोंड होडीकडे वळवलं आणि बत्ती टेकवली" म्हटलं की ज्याने आयुष्यात जंबुरा ऐकला नाही त्यालाही कळतं की ही वळवता येणारी तोफ आहे. अर्थ हाताच्या हालचालीतून सांगायचा. स्वल्पविराम देऊन "जंबुरा, म्हणजे एक प्रकारची लहान तोफ," असं लिहिलं की लेखिका मध्ये येऊन उभी राहते आणि भिवा अडगळीत जातो.

आणि कोण बघतंय हे ठरवा. माडावर चढणारा पोरगा पहिल्यांदा गुराबेवर आला तेव्हा त्याला कोयता आणि आकडी एवढीच हत्यारं माहीत. त्याच्या नजरेतून पहिली दोन-तीन प्रकरणं नावं कमीच असू देत, तो "ती मोठी" "ती आखूड" म्हणेल, लोक हसतील, मग तो शिकेल तसा वाचकही शिकेल. उलट एखादं प्रकरण इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेतून असेल तर तिथे सगळी भाषा वेगळी, त्याला धोप काय आणि समशेर काय, सगळ्या तलवारीच. मला वाटतं शब्दांची संख्या मोजण्यात अर्थ नाही, त्या क्षणी त्या माणसाला जो शब्द सुचेल तो ठेवायचा. सरदाराच्या कमरेची फिरंग भिवाला "सायबाची सरळ तलवार" दिसेल, आणि ते जास्त छान आहे.

तटाखालचा

धोप, फिरंग, समशेर फरक कोणीतरी सांगा की एकदा, नेहमी गोंधळ होतो.

कोशातला किडा

थोडक्यात: धोप सरळ पात्याची. फिरंग किंवा फिरंगी म्हणजे जिचं पातं युरोपातून आलंय ती, मूठ इथली चढवलेली. समशेर बाकदार. खांडा सरळ, रुंद, टोकाकडे जड. पट्ट्याला तर हाताचं कोपरापर्यंतचं लोखंडी खोळच असतं, मनगट वळत नाही, त्यामुळे पट्टेकरी सगळं खांद्यातून फिरवतो. २०२४ ला दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला तेव्हापासून प्रत्येक कथेत पट्टा यायला लागलाय. गुराबेच्या गर्दीत, दोरखंडांच्या जंजाळात पट्टा फिरवणारा माणूस आधी आपलेच दोन गडी कापेल. बोटीवर आखूड हत्यार चांगलं, कट्यार, बिचवा, फार तर तलवार.

बुरुजावरचा

मी अलिबागकर. ओहोटीला चालत कुलाब्यात जाऊन तोफा बघून ये असं कुणीतरी तुम्हाला सांगणारच, म्हणून आधीच लिहितो. तिथे तटावर समुद्राकडे तोंड करून गाड्यावर चढवलेल्या दोन तोफा आहेत, सगळे त्यांच्यासोबत फोटो काढतात आणि खाली "कान्होजींची तोफ" लिहितात. त्या तोफांवर कारखान्याचं नाव इंग्रजीत आहे, लो मूर, यॉर्कशायर. हा कारखाना सुरू झाला १७९१ ला. कान्होजी गेले १७२९ ला. तेव्हा चाकं, गाडा, सगळं त्या फोटोवरून वर्णन करून कादंबरीत घातलंत तर कुणीतरी नक्की पकडेल, बहुतेक मीच 😀

जुन्या घडणीची मोठी तोफ बघायची तर मुरूड-जंजिऱ्याची कलालबांगडी बघा. ती सिद्दीची, आणि पंचरसी, म्हणजे ओतीव मिश्र धातूची. बिडाच्या तोफेचा पोत वेगळा असतो, गंजते वेगळी, तापते वेगळी. भिवा हात लावून सांगू शकेल.

किल्ल्यावरचे प्रसंग असतील तर तीन शब्द लागतील. तटाच्या भिंतीतलं बंदुकीचं तिरकं भोक ती जंगी, अनेकवचन जंग्या. तटावरची चालायची वाट फांजी. आणि वरचे दात ते चर्या. तोफेच्या बाबतीत अजून एक, माघार घेताना तोफ नेता येत नसेल तर तिच्या कानात खिळा ठोकायचा. कान म्हणजे बत्ती द्यायचं भोक. "तोफांच्या कानात खिळे ठोकले" हे वाक्य असं आहे की ते वाचून कुणालाही कळतं तोफ मेली, वेगळं काही सांगायला नको.

पुणेकर चुकून

अवांतर: गोलंदाज शब्द कसा वापरणार? तोफेजवळ गोलंदाज उभा आहे म्हटलं की मला थेट वानखेडे दिसतं.

लिहिते हात

पहिल्यांदा येईल तेव्हा त्याच्या दाढीला दारूचा वास आणि हाताला भाजल्याचे डाग दे, परत क्रिकेट आठवणार नाही.

खाडीकाठची

😄 दिले डाग.

बुरुजावरचा, धन्यवाद, मामेभावाच्या मोबाईलवर त्याच फोटोचा वॉलपेपर आहे, सांगते त्याला.

आता जहाजाकडे वळूया का, तिथे मला जास्त भीती वाटते. गुराब आणि गलबत यातला फरक मला कळतो पण लढाईत कोण काय करतं हे दिसत नाहीये.

नाखवा हर्णैचा

धागा आत्ता बघितला. आमचं घराणं मच्छीमारीचं, समोर सुवर्णदुर्ग, त्यामुळे बोलतो.

गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्या, पुढचं टोक लांब आणि निमुळतं पुढे आलेलं. पुढच्या तोफा थेट समोर मारायला असतात आणि बाकीच्या दोन्ही कडांना. गलबत लहान, दोन डोलकाठ्या, आणि चाळीस-पन्नास वल्ही. तोफा छोट्या. आता लढाई कशी ते बघा. वारा पडला की इंग्रजांचं मोठं जहाज जागच्या जागी बसतं, शीड लोंबतं, वळता येत नाही. तेव्हा गलबतं गुराबांना दोर लावून वल्ह्यांनी ओढत नेतात आणि नेतात कुठे तर जहाजाच्या मागे, कारण मोठ्या जहाजाच्या तोफा कडांना असतात, मागे कमी. मागून मारायचं आणि मारायचं डोलकाठ्यांवर, दोरखंडांवर. जहाज लुळं झालं की मग गलबतांतली माणसं वर चढतात. जहाज बुडवण्यात फायदा नाही, माल बुडतो. ही युक्ती शिवाजी महाराजांच्या वेळेपासूनची म्हणा, १६७९ ला खांदेरीच्या लढाईत लहान बोटींनी इंग्रजांचं डव्ह नावाचं जहाज धरलंच होतं की.

तुमच्या परिच्छेदात गुराबेच्या "तोफांनी" सगळ्यांनी एकदम सुरुवात केली असं आहे. तसं न करता पुढच्या दोन तोफांवर लक्ष ठेवा, भिवा तिथेच उभा करा.

शब्दाचं म्हणाल तर एक गंमत सांगतो, "नाळ" जपून वापरा. आमच्यात बोटीचं पुढचं टोक म्हणजे नाळ. बंदुकीची नळी पण नाळ. एका वाक्यात दोन आल्या तर वाचक बुडाला. तोफेला नळी म्हणा आणि नाळ बोटीला राहू दे.

आणि कुठलाही समुद्रावरचा प्रसंग आषाढ-श्रावणात नको. पावसाळ्यात आरमार छावणीला, बोटी खाडीत आत किंवा वर ओढलेल्या. नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय दर्या उघडत नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही. तोड्याची बंदूक पावसात पेटत नाही हे तर तिरफळ सांगतीलच.

मालवणी तिरफळ

पेटत नाय. रंजक भिजली की बंदूक म्हणजे सोटा.

कोशातला किडा

नाखवा, जोरदार. आज्ञापत्रातही गुराबा फार थोर नको फार लहान नको, मध्यम रीतीने सजवाव्या असंच सांगितलंय, तुमच्या वाऱ्याच्या मुद्द्यामुळे ते का हे नीट कळलं.

गोळ्याबद्दल एक राहिलं. साधा गोळा भरीव असतो, तो फुटत नाही, मोडतो-तोडतो. फुटणारा तो कुलपी गोळा, आत दारू आणि वात, आणि तो मारायला आखूड उखळी तोफ. सिनेमात प्रत्येक गोळा पडला की आगीचा लोळ उठतो, तसं डोलकाठी मोडणाऱ्या गोळ्याचं होत नाही, तिथे लाकडाच्या ढलप्या उडतात आणि त्या ढलप्यांनीच माणसं मरतात. कुलपी गोळ्याचं भयंकर उदाहरण हवं तर पुढच्या पिढीत आहे, १७५६ चा विजयदुर्ग. इंग्रजांचा एक गोळा तुळाजी आंग्र्यांनी धरून आणलेल्या रेस्टोरेशन नावाच्या जहाजावर पडला, ते पेटलं, आणि एकाला एक बांधून ठेवलेलं सगळं आरमार एका दुपारीत जळालं. फेब्रुवारी महिना. तुमच्या कादंबरीचा दुसरा भाग निघाला तर तिथे "कुलपी" शब्द राखून ठेवा.

गीर्वाण

हे वाचून वाईट वाटलं खरंच. एकाला एक बांधलेली जहाजं.

तटाखालचा

वाखू (वाचनखूण) साठवलीये. काडतूस वापरावं का मग १७२१ मध्ये? वर कुणीतरी पोर्तुगीज शब्द म्हणालं.

कोशातला किडा

कागदाची पुडी ह्या अर्थी फिरंग्यांच्या हातात चालेल. पण आजच्या वाचकाला काडतूस म्हटलं की पितळी नळकांडं दिसतं, म्हणून भिवाच्या बाजूला टाळाच. "दारूची पुडी दाताने फोडली" असं इंग्रज शिपायाबद्दल लिहा, हालचाल दिसते आणि शब्दाची भानगडच नाही.

खाडीकाठची

रात्री जागून परत लिहिलं. फाडा.

"वारा पडला होता. दोन गलबतांनी गुराबेला ओढत आणलं, वल्ही एका तालात पडत होती, आणि हळूहळू फिरंग्याच्या जहाजाची पाठ समोर आली. भिवाने ओला कुंचा नळीत घालून फिरवला, वाफ आली. दारू. बोळा. गोळा. त्याने अंगाचा भार टाकून ठासलं. म्हाताऱ्या गोलंदाजाने कानात रंजक ओतली आणि तळहात आडवा धरला, खारा वारा असाच कुठून तरी येतो. मागे हेटकरी आपला तोडा फुंकत बसला होता, 'तुझी मोठी तोंड उघडेपर्यंत मी दोन माणसं उतरवतो,' असं तो सकाळपासून म्हणत होता. 'माणसं नको बघू,' म्हातारा भिवाला म्हणाला, 'काठी बघ. काठी.' लाट गुराबेखाली शिरली. नाळ वर आली. 'बत्ती!'"

लिहिते हात

हां! आता दिसतंय. एकही शब्द समजावलेला नाहीये आणि कुठेही अडले नाही. "असाच कुठून तरी येतो" हे गद्य जरा सैल आहे, "असाच येतो" पुरे.

मालवणी तिरफळ

हेटकरी आवाडलो. पण दोन माणसं नको, एक. तोड्याच्या बंदुकीन तेवढ्यात दोन नाय होत 😀

बुरुजावरचा

वाफ आली हे फार आवडलं. म्हणजे हा पहिला बार नाही, नळी तापलेली आहे.

नाखवा हर्णैचा

छान झालंय ताई. एकच दुरुस्ती. नाळ वर आल्यावर "बत्ती" म्हणू नका. बत्ती टेकवली, रंजक पेटली, आग आत पोचली, बार उडाला, ह्यात एक श्वास जातो. तेवढ्यात लाट पुढे निघून गेली तर नाळ खाली झुकलेली असेल आणि गोळा पाण्यात. म्हाताऱ्याने लाट आत शिरतानाच ओरडायला हवं, नाळ अजून खाली असताना. भिवाला पहिल्यांदा वाटू दे की म्हातारा चुकला.

खाडीकाठची

अरे वा. शेवटची दोन वाक्यं उलटी फिरवते. आणि हेटकऱ्याचा एक माणूस कमी केला.

पुढच्या प्रकरणात सिद्दीचा माणूस येतो, त्याच्या कमरेला काय लावू? जंबिया चालेल का खंजीर?

कोशातला किडा

जंबिया. टोकाला वळलेला, अरबी किनाऱ्याकडून आलेला, सिद्दीला शोभतो. म्यानही वाकडं दाखवा.